बार्ड रॉकची पिल्लं: सहांच्या डोक्यावर ठिपका, सातांच्या नाही. यातल्या माद्या कोणत्या?

रानजाई

नमस्कार. पोस्ट लांब आहे, पण नोंदी सगळ्या देते म्हणजे तुम्हाला परत विचारावं लागणार नाही.

मी नऊ वर्षं बार्ड प्लायमाऊथ रॉक, म्हणजे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कोंबड्या, सांभाळल्या. शेवटची कोंबडी गेल्या वर्षी गेली. म्हातारी झाली होती, तरी आठव्या वर्षीही मधूनच एखादं अंडं द्यायची. तिच्यानंतर खुराडं रिकामंच ठेवायचं ठरवलं होतं, पण राहवलं नाही. मला पुन्हा तीच जात हवी होती, संकरित नको. म्हणून एका पाळणाऱ्याकडून शुद्ध बार्ड रॉकची म्हणून १८ अंडी आणली.

इन्क्युबेटर ३७.५ अंशांवर ठेवला. सातव्या रात्री उजेडावर धरून पाहिली तेव्हा दोन अंडी कोरी निघाली, ती काढली. १८व्या दिवशी फिरवणं थांबवलं आणि ओलावा वाढवला. २१व्या दिवशी पहाटेपासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत १३ पिल्लं बाहेर आली. तीन पिल्लं पूर्ण वाढूनही कवच फोडू शकली नाहीत. त्याबद्दल वेगळा धागा काढीन, ते अजून मनाला लागून आहे.

तेराही पिल्लं काळी, पोटाखाली पिवळट पांढरी, पंखांची टोकं पांढरी. फरक फक्त डोक्यावर होता. सहांच्या माथ्यावर पांढरट ठिपका, कुणाचा मोठा पसरट, कुणाचा छोटा. बाकी सातांचं डोकं साफ काळं, ठिपक्याचा मागमूस नाही. सहा ठिपकेवाल्यांच्या पायांत रंगीत धागे बांधले: लाल, पिवळा, हिरवा, जांभळा, केशरी, निळा. दर चार दिवसांनी सैल करते. लाल धाग्याचा ठिपका सगळ्यांत मोठा आणि विस्कटलेला होता, निळ्याचा सगळ्यांत छोटा, टिकलीएवढा.

आज चाळिसावा दिवस. ठिपकेवाल्या सहांना पट्टे आले आहेत. लाल धागा फिकट दिसतो, पांढरा पट्टा रुंद आहे. बाकी पाच गडद आहेत. ठिपका नसलेली सातही सरळ काळी राहिली आहेत, एकही पट्टा नाही.

मी नेहमी ऐकत आले की बार्ड रॉकमध्ये फिकट तो नर, गडद ती मादी. त्या हिशोबानं लाल धागा नर आणि पाच तलंगा, म्हणजे तरुण माद्या. मग ही सात काळी कोण? एकानं सल्ला दिला की काळ्यांचा रंग बिघडला आहे, ती काढून टाक आणि पट्टेवाली ठेव. मन तयार होत नाही. ज्यांनी ही जात खरोखर जवळून पाहिली आहे त्यांनी सांगावं.

तांबडा तुरा

ताई, सोपी खूण म्हणजे पंख. पंख पसरून बघा. बाहेरची लांब पिसं आणि त्यांच्यावर झाकण घालणारी छोटी पिसं यांत लांबीचा फरक असेल तर मादी, दोन्ही सारखी असतील तर नर. हॅचरीत अशीच निवडतात, मी स्वतः पाहिलं आहे.

जुनं खुराडं

रानजाई ताई, काळी पिल्लं कुणालाही देऊ नका. अजून दोन दिवस तरी नाही.

आधी पंखाबद्दल. तांबडा तुरा म्हणतात ती खूण खरी आहे, पण ती पहिल्या एक-दोन दिवसांतच बघायची असते. आणि ती चालते तेव्हाच, जेव्हा बाप लवकर पिसं येणाऱ्या ओळीचा, म्हणजे वंशाचा, आणि आई उशिरा पिसं येणाऱ्या ओळीची असते. हॅचरीवाले तशी जोडी मुद्दाम जुळवतात. मग मुलांना आईचा संथपणा मिळतो आणि मुलींना बापाची घाई. आई आणि बाप दोघेही उशिरा पिसं येणारे असतील तर सगळीच पिल्लं सारखी दिसणार. जुन्या ओळीच्या बार्ड रॉकला पिसं उशिराच येतात, आणि त्यांचे पट्टे इतके रेखीव असण्याचं ते एक कारण आहे. पीस हळू वाढतं, रंग थांबतो, पुन्हा सुरू होतो, आणि रेघ स्वच्छ उमटते. कुकू मारन्स या दुसऱ्या पट्टेदार जातीचे पट्टे धूसर दिसतात, कारण त्यांची पिसं भरभर वाढतात. चाळिसाव्या दिवशी पंख उघडून काही कळणार नाही.

आता तुमचं कोडं. शुद्ध बार्ड रॉकच्या जोडीपासून ठिपका नसलेलं पिल्लू निघत नाही. नराच्या डोक्यावर ठिपका असतो आणि मादीच्याही. नराचा मोठा आणि कडा फुटलेला, मादीचा छोटा आणि आवळलेला, एवढाच काय तो फरक. सात पिल्लांना ठिपका नाही म्हणजे त्यांना पट्ट्याचं जनुक मिळालेलंच नाही. बाप दुसरा आहे.

तीन गोष्टी सांगा.

काळ्यांच्या मानेवर आणि छातीवर उन्हात धरल्यावर तांबूस झाक दिसते का?

सहा पट्टेवाल्यांचे तुरे कसे आहेत? एकेका धाग्याचा वेगळा सांगा. रंगही आणि उंचीही.

आणि अंडी जिथून आणली त्यांना विचारा की कळपात कोणता कोंबडा होता, आणि त्याच्या आधी कोणता. दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

रानजाई

आज सकाळी सगळ्यांना एकेक करून हातात घेतलं. उत्तरं देते.

काळ्या सातांपैकी पाचांच्या मानेवर गंजासारखी तांबूस पिसं फुटताहेत, दोघींच्या (दोघांच्या?) छातीवरही आहेत. सावलीत दिसत नव्हती. पाय गडद, पाटीच्या दगडासारखे.

तुरे असे आहेत. लाल: उंच, लालभडक, चोचीखालचे लोलकही दिसायला लागले. पिवळा, हिरवा, जांभळा: गुलाबी-लाल, लालपेक्षा थोडा कमी पण ठसठशीत. केशरी: तसाच, किंचित लहान. निळा: अगदी बारीक, पिवळट, लोलक नाहीतच. काळ्या सातांचे तुरेही निळ्यासारखेच बारीक.

पाळणाऱ्यांना फोन केला. ते खरं बोलले, त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. त्यांच्या बार्ड कोंबड्यांमध्ये आधी ऱ्होड आयलंड रेड या तांबड्या जातीचा कोंबडा होता. तो काढून त्यांनी तरुण बार्ड कोंबडा सोडला आणि आठव्या दिवसापासून माझ्यासाठी अंडी जमवली. कोंबड्या सगळ्या बार्डच, याची त्यांना खात्री आहे. कोंबडा बदलला म्हणजे झालं, असं त्यांना वाटलं होतं.

माझ्या आशेवर पाणी पडलं असं धरून चालले आहे. तरी सांगा.

जुनं खुराडं

ताई, पाणी पडलेलं नाही. पूर्ण वाचा.

कोंबडीच्या अंडनलिकेत बारीक नळ्या असतात, त्यांत कोंबड्याचं बीज साठून राहतं. कोंबडा दूर केल्यावरही दोन आठवडे ती फलित अंडी सहज देते, कधी तिसऱ्या आठवड्यातही. म्हणून कोंबडा बदलल्यावर मी चार आठवडे थांबतो आणि मगच उबवायला अंडी उचलतो. आठव्या दिवशी उचललेल्या अंड्यांत दोन्ही बापांची पिल्लं असणार. नवा कोंबडा तरुण असेल तर कोंबड्या त्याला लवकर जवळही येऊ देत नाहीत, तेव्हा जुन्याचीच जास्त.

आता हिशोब करू. पक्ष्यांत माणसाच्या उलट असतं. नराकडे दोन झेड गुणसूत्रं, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. पट्ट्याचं जनुक झेडवर बसलेलं आहे. हे कोडं जुनं आहे. अमेरिकी शास्त्रज्ञ विल्यम स्पिलमन यांनी १९०८ मध्ये याच बार्ड रॉकच्या पट्ट्यांवरून मांडलं होतं की हा गुण लिंगाशी बांधलेला आहे. मुलीला आईकडून डब्ल्यू येतं आणि तिचा एकुलता झेड येतो बापाकडून. मुलाला एक झेड आईचा, एक बापाचा.

म्हणजे आई पट्टेदार, बाप रेड असेल तर मुलींना पट्टा मिळायला मार्गच नाही. त्या काळ्या राहतात, आणि बापाचा तांबूसपणा मानेवर आणि छातीवर उतरतो. मुलांना आईकडून पट्ट्याचा एक डोस, म्हणजे त्या जनुकाची एक प्रत, मिळते. बाप बार्ड असेल तर मुलीला एक डोस, मुलाला दोन डोस. दोन डोसमुळे पांढरा पट्टा रुंद होतो आणि पक्षी फिकट दिसतो.

फिकट तो नर, गडद ती मादी हा तुमचा नियम फक्त शुद्ध जोडीपुरता खरा आहे. त्यात खरं तर नर-मादी मोजलीच जात नाही, मोजला जातो डोस. संकराच्या नरालाही एकच डोस मिळतो, म्हणून तो अगदी शुद्ध मादीसारखा गडद दिसतो. इथेच माणसं फसतात.

मीही फसलो आहे. खूप वर्षांपूर्वी अशाच मिसळलेल्या अंड्यांतून दहा पिल्लं वाढवली. चार गडद पट्ट्यांची तलंगा म्हणून ठेवली, सहा काळी रंग बिघडला म्हणून देऊन टाकली. चौदाव्या आठवड्यात एका पहाटे खुराड्यातून घोगरा, अर्धवट आवाज आला. आठवडाभरात चौघेही आरवायला लागले. दिलेल्या सहाही माद्या होत्या. त्या परत मागायला मला तोंड नव्हतं. तुम्हाला काळी देऊ नका म्हणालो ते यासाठी.

तर तुमची यादी.

सातही काळ्या: माद्या, बाप रेड. आया सगळ्या बार्ड आहेत हे खरं असेल तर यात शंका नाही, कारण पट्टेदार आईचा कुठलाही मुलगा ठिपक्याशिवाय जन्मत नाही.

पिवळा, हिरवा, जांभळा, केशरी: एक डोस, आणि सहाव्या आठवड्यात तुरा लाल. नर, बाप रेड. केशरीवर अजून पंधरा दिवस लक्ष ठेवा, पण मला तो नरच वाटतो.

लाल: दोन डोस, म्हणजे एक आईचा आणि एक बापाचा. दुसरा डोस रेड कोंबड्याकडून येऊच शकत नाही. हा शुद्ध बार्ड नर आहे.

आणि निळा. एक डोस आहे आणि तुरा मादीचा. मादीला पट्टा देतो तो फक्त बाप. म्हणजे तिचा बाप बार्ड, आई बार्ड. तुमच्या तेरांतली ही एकुलती शुद्ध तलंग. तिच्यासाठी दुसरा कुठलाही पुरावा लागत नाही, ती मादी आहे आणि तिला पट्टे आहेत एवढं पुरतं.

१८ अंड्यांतून तुमच्याकडे शुद्ध जोडी आली आहे.

रानजाई

तुमची पोस्ट तीनदा वाचली, मग कागदावर झेड-डब्ल्यूच्या चौकटी आखून पाहिल्या. बरोबर जुळतं. निळ्या धाग्याला आज वेगळं ओंजळीत धरून बसले होते. पाच तलंगा म्हणून ज्यांना गोंजारत होते त्यांतली चार कोंबडे निघाली, आणि ज्यांना बिघडलेली म्हणाले त्या सातही अंडी देणाऱ्या.

एक शंका. माझी म्हातारी कोंबडी शेवटच्या वर्षी बदलली होती. अंडी थांबली, तुरा वाढला, शेपटीजवळ लांब टोकदार पिसं आली, आणि एकदोनदा तिनं मान उंचावून आरवायचा प्रयत्नही केला. नऊ वर्षांची अंडी देणारी कोंबडी! तेव्हा कुणी विश्वास ठेवला नाही. मग टोकदार पिसांवरून नर ठरवणं तरी कितपत खरं?

जुनं खुराडं

मी विश्वास ठेवतो. कोंबडीचं डावं अंडाशय तेवढं काम करतं, उजवं लहानपणीच खुरटलेलं असतं. डावं आजारानं किंवा वयानं निकामी झालं की उजवीकडची गाठ वाढून नराचे स्राव सोडू शकते. शिवाय पिसांचं मूळ वळण नराचंच आहे. अंडाशयाच्या स्रावामुळे मादीची पिसं गोल टोकाची आणि साधी होतात. तो स्राव थांबला की पुढच्या पिसगळीत टोकदार पिसं येतात. तुमची म्हातारी मनानं काही बदलली नव्हती, तिच्या शरीरातला एक दिवा विझला होता.

उलटही घडतं. सेब्राइट जातीच्या नराची कातडीच मादीचा स्राव तयार करते, म्हणून त्याची पिसं कोंबडीसारखी गोल असतात. टोकदार पिसांची वाट पाहत बसलात तर सेब्राइटचा कोंबडा कधीच ओळखता यायचा नाही.

पण तरुण, निरोगी बार्ड रॉकमध्ये ही खूण भक्कम आहे. बारा-चौदा आठवड्यांनी पाठीवरून शेपटीच्या दोन्ही बाजूंना उतरणारी पिसं पाहा. बारीक, चकचकीत, भाल्याच्या पात्यासारखी असली तर नर. काही जुन्या जाती याहून सावकाश वाढतात, सोळा आठवड्यांच्या आत त्यांचा निकाल मागूच नये. दहाव्या आठवड्यात तुऱ्यावरून खात्री देणारे भेटतात, पण लवकर लाल होणारी एखादी तलंग त्यांना खोटं पाडते.

काळीपाखरं

मध्ये बोलतो, माफ करा. माझ्याकडे कडकनाथची नऊ पिल्लं आहेत, सात आठवड्यांची. तुरा लाल झाला की नर असं वाचून रोज बघतो, एकाचाही लाल होत नाही. सगळ्याच माद्या असतील का?

जुनं खुराडं

दादा, कडकनाथचा तुरा लाल होण्याची वाट पाहू नका. रंगपेशी त्याच्या कातडीत, मांसात, हाडांवरच्या पापुद्र्यात, सगळीकडे पसरलेल्या असतात. तुरा जांभळट काळाच राहतो, नराचाही. सिल्की कोंबडीची काळी कातडीही याच कारणानं. रंग सोडा, आकार बघा. तुऱ्याची उंची आणि पायाचं नळं हातात घेऊन एकमेकांशी ताडा. नराचं नळं जाड, उभं राहणं ताठ. मग बारा आठवड्यांनंतर पाठीवरची पिसं. एकदिवसाची पिल्लं निळसर ते काळी आणि पाठीवर वेडेवाकडे गडद पट्टे असतात, त्यावरून नर-मादी लावायला जाऊ नका.

कुणाकडे असील असेल तर त्यांच्यासाठीही हेच. त्याचा तुरा मुळातच वाटाण्याएवढा आखूड, त्यात नर-मादीचा फरक फार उशिरा दिसतो.

शेवरी

मी पुढच्या महिन्यात उबवणार आहे. टोकदार अंड्यातून नर आणि गोल अंड्यातून मादी हे कितपत खरं आहे? आणि इन्क्युबेटरचं तापमान कमीजास्त करून माद्या वाढवता येतात का? मला कोंबडे सांभाळायला जागा नाही हो.

जुनं खुराडं

ॲरिस्टॉटलनं अगदी उलट लिहून ठेवलं आहे, लांबट टोकदार अंड्यात मादी आणि गोलसर अंड्यात नर. दोन हजार वर्षांहून जास्त काळ माणसं अंड्याच्या आकारावरून भांडत आली आणि दोन्ही बाजू चुकल्या. पिल्लू नर की मादी हे आईच्या बलकात झेड आहे की डब्ल्यू यावर ठरतं. कवच त्यानंतर चढतं, त्याचा आकार अंडनलिका ठरवते. तापमानानं मगरी-कासवांत लिंग बदलतं, कोंबडीत नाही. तापमान चुकवलंत तर पिल्लं मरतील, माद्या वाढणार नाहीत.

कोंबडे नकोतच असतील तर क्रीम लेगबार या जातीचा विचार करा. केंब्रिजमध्ये पुनेट आणि पीझ या शास्त्रज्ञांनी १९२०-३० च्या दशकांत अशा जातींवर काम केलं. पट्ट्याचं जनुक तपकिरी लवेच्या जातीत आणलं की पहिल्याच दिवशी मादीच्या पाठीवर खारीसारख्या गडद रेघा दिसतात, आणि नर फिकट, पुसल्यासारखा, डोक्यावर ठिपका. शुद्ध जात, आणि पिढ्यान्‌पिढ्या हीच खूण टिकते. रानजाईंच्या काळ्या तलंगांसारख्या संकराची खूण पुढच्या पिढीत टिकत नाही, हा मोठा फरक आहे.

शेवरी

आणि हॅचरीत पिल्लाच्या मागच्या भागावरून ओळखतात ते घरी शिकता येईल का?

जुनं खुराडं

नका करू. ही विद्या जपानमध्ये मासुई आणि हाशिमोतो यांनी १९२०च्या दशकात विकसित केली, आणि शिकलेल्या माणसांचा सराव हजारो पिल्लांवर झालेला असतो. आत जो बारीक उंचवटा बघायचा तो नरात असतो, आणि काही माद्यांतही त्याचा अवशेष राहतो. नवख्या बोटांनी दाबलं तर पिल्लाच्या पोटातला बलक फुटतो. दोन महिने थांबणं केव्हाही बरं.

रानजाई

पंधरा आठवडे झाले. नोंद द्यायला आले.

पिवळा, हिरवा आणि जांभळा आरवतात. केशरीनं गेल्या मंगळवारी सुरुवात केली. चौघांच्या पाठीवर भाल्याची पिसं आली आहेत, आणि पट्टे अजूनही गडद. नुसता पट्टा पाहून मी त्यांना आजही माद्या म्हटलं असतं.

लाल धागा आता सुरेख झाला आहे. लांबून जवळजवळ राखाडी दिसतो. सात काळ्या एका कळपात फिरतात, माना उन्हात तांब्यासारख्या चमकतात. त्यांच्यावर माझा जीव जडला आहे, हे कबूल करते.

निळ्या धाग्याची कोंबडी अजून गप्प आहे. तुरा आता कुठे गुलाबी होतोय.

दोन प्रश्न. लाल आणि निळ्यापासून पुढची ओळ सुरू करावी का? आणि चार संकरित कोंबडे दिसायला बार्डच आहेत. एकानं मागितले, प्रजननासाठी. द्यावे का?

जुनं खुराडं

दुसऱ्याचं उत्तर आधी: प्रजननासाठी देऊ नका. सांगून दिले तरी दुसऱ्या हातात गेल्यावर ते "बार्ड रॉक कोंबडा" एवढंच राहतं. त्यांच्याकडे पट्टा असलेला एक झेड आणि नसलेला एक झेड आहे. शुद्ध कोंबड्यांवर सोडले तर मुलींपैकी निम्म्या काळ्या निघतील आणि निम्म्या पट्टेदार. मी वर म्हणालो होतो की पट्टेदार मादीचा बाप शुद्ध. तो हिशोब तुमच्या कळपात चालला, कारण बाप दोनच होते आणि दोघेही आपापल्या जातीचे. असा मिश्र कोंबडा मध्ये आला की तो हिशोब मोडतो, आणि पट्टे घालून रेडचं रक्त फिरत राहतं. अशाच वाटेनं ओळी हरवतात. पाळायला किंवा खायला कुणी नेत असेल तर स्पष्ट सांगून द्या.

काळ्या सात ठेवा. अंड्यांना त्या उत्तम असतात.

लाल आणि निळा: सुरुवात करा, पण फक्त या दोघांवर ओळ उभी करू नका. एकाच कळपातले आहेत, कदाचित एकाच आईचे. वर्षभरात दुसऱ्या ओळीचा एक कोंबडा शोधा. तोवर निळीला लालखेरीज कुणाजवळही सोडू नका. ती त्या चौघांसोबत फिरते आहे ना? आजच वेगळी करा, आणि पुढे वेगळी केल्यापासून चार आठवडे तिची अंडी उबवायची नाहीत.

आणखी एक बघा. निळीच्या पाठीवरचं एक पीस हलकेच उलटं करा. चांगल्या ओळीत पट्टे वरच्या दिसणाऱ्या भागातच संपत नाहीत, खाली लवेत कातडीपर्यंत जातात, फिके का होईना. पिसाचं शेवटचं टोक काळं असतं. मादीत काळा पट्टा पांढऱ्यापेक्षा रुंद, नरात दोन्ही जवळपास सारखे. जुन्या काळी प्रदर्शनात नर आणि मादी एकाच छटेचे मागायचे, आणि डोसमुळे ते निसर्गात होत नाही. म्हणून लोक नरांसाठी वेगळी आणि माद्यांसाठी वेगळी अशा दोन ओळी सांभाळायचे. तुम्ही तसलं काही करू नका. नर फिकट असू द्या, मादी गडद असू द्या.

रानजाई

वेगळी केली, काल संध्याकाळीच. चार कोंबडे एका पाळणाऱ्याकडे गेले. त्यांच्याकडे कोंबड्या नाहीत, त्यांना फक्त कोंबडेच ठेवायचे आहेत.

आत्ता निळीला मांडीवर घेतलं आणि पाठीवरचं पीस उलटून पाहिलं. खिडकीशी नेऊन दोनदा पाहिलं. टोक काळं आहे. पट्टे मोजले, अकरा, आणि शेवटचे तीन पुसट होत होत लवेत उतरले आहेत, कातडीपर्यंत.